साखर सोडली तरी एलडीएल का हललं नाही? डाएट बदलल्यावरचा लिपिड रिपोर्ट असा वाचा

दहा आठवडे बिनसाखरेचा चहा, बिस्किटाचा पुडा बंद, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक नुसता बघितला, भात निम्म्यावर आणला, साडेचार किलो वजन उतरलं, आणि रिपोर्ट आला तर एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १५८ वरून १५१. सात पॉइंट फक्त. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा केक तरी खायचा होता." खरं सांगू का, मलाही तेच वाटलं होतं.

मी डॉक्टर नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीला एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो, त्यामुळे दोन कागदांवरचे आकडे जुळले नाहीत की मला झोप येत नाही. त्या रात्री दोन्ही रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, पेन घेतलं आणि ओळीला ओळ लावत बसलो. डाएटने काम केलेलं होतं की, फक्त ते ज्या ओळीत दिसत होतं तिकडे मी बघितलंच नव्हतं. आणि ज्या ओळीत मी बघत होतो ती हलावी असं मी काही केलंच नव्हतं! हे कळायला मला अजून एक टेस्ट आणि तीन महिने लागले, तुमचे तेवढे वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी रक्त दिलं त्याच्या आदल्या रात्रीचं आठवा

आकडा चांगला की वाईट हे नंतर, तो आकडा धरण्यालायक आहे का हे पहिलं बघायचं.

आमच्या ऑफिसातल्या एकाची गोष्ट सांगतो. टेस्ट नेमकी संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. दिवसभर उपवास, म्हणजे दोनदा साबुदाण्याची खिचडी आणि मध्ये बटाट्याचे वेफर्स, चंद्रोदय रात्री पावणेदहाला, मग आरती, मग मोदक, मोदकावर तूप, जेवून उठेपर्यंत साडेदहा. सकाळी सातला पोरगा रक्त घ्यायला दारात उभा. रिपोर्टवर "फास्टिंग" असं छापलेलं पण प्रत्यक्षात साडेआठ तास, ते पण मोदकांनंतरचे. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २६०. गडी एवढा घाबरला की दोन दिवस नुसती मुगाची खिचडी. पंधरा दिवसांनी साध्या दिवशी, रात्री आठला जेवून, परत टेस्ट केली तर १७०. डाएट काही बदललेलं नव्हतं, फक्त आदली रात्र बदलली होती.

जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स सरासरी २५ एक पॉइंटने वर जातात आणि एलडीएल ८ एक पॉइंटने खाली येतं, एवढाच फरक असल्यामुळे हल्ली साध्या तपासणीला उपाशीपोटी असायलाच पाहिजे असा आग्रह बऱ्याच गाइडलाइन्स धरत नाहीत. पण आपल्याला एकाच माणसाच्या दोन रिपोर्टांची तुलना करायचीये ना, मग दोन्ही वेळा नियम सारखाच पाहिजे. मी सरळ बारा तास धरतो, रात्री आठला जेवण, सकाळी आठला रक्त, मधे फक्त पाणी. आदले दोन-तीन दिवस दारू नाही, लग्नाची पंगत नाही, आणि उलट एकदम कडक उपवास पण नाही, म्हणजे रिपोर्ट चांगला यावा म्हणून आदले चार दिवस साळसूद व्हायचं हे तर अजिबात नाही, त्यात फसतो आपणच.

अजून काही गोष्टी पटापट सांगतो. नुकताच मोठा ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन असं काही झालं असेल तर एलडीएल तात्पुरतं बरंच खाली येतं आणि ट्रायग्लिसराइड्स वर जातात, म्हणून निदान सहा-आठ आठवडे थांबा. बरेच दिवस अंथरुणाला खिळून मग टेस्ट केली आणि "बघा, कोलेस्टेरॉल आपोआप नॉर्मल झालं" असं म्हणणारे आमच्या गल्लीत दोघे आहेत. रक्त एकदा झोपून आणि एकदा बसून दिलं तरी आकड्यात फरक पडतो, झोपल्यावर रक्त थोडं पातळ होतं आणि कोलेस्टेरॉल कमी दिसतं, म्हणून दरवेळी पाच-दहा मिनिटं खुर्चीत शांत बसूनच द्या. लॅब तीच ठेवा. गरोदरपणात कोलेस्टेरॉल वाढतंच, तेव्हाची तुलना आधीच्या रिपोर्टशी करूच नका.

आणि घाई नको. नवीन खाण्याचा परिणाम एलडीएलवर तीन-चार आठवड्यांत दिसायला लागतो, पण खाणं आणि वजन दोन्ही थोडं स्थिर झाल्यावर, म्हणजे आठ ते बारा आठवड्यांनी केलेली टेस्टच कामाची. पंधरा दिवसांत परत रक्त देणारा फक्त लॅबचा गल्ला भरतो.

मग बेरीज-वजाबाकी करून बघा

हा माझा आवडता भाग. रिपोर्टात आठ-नऊ ओळी असतात आणि अर्ध्या बोल्डमध्ये, त्यामुळे माणूस दचकतो. पण बऱ्याच ठिकाणी यातल्या खऱ्या मोजलेल्या ओळी तीनच असतात: टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते) आणि ट्रायग्लिसराइड्स. बाकीच्या त्या तीनमधून काढलेल्या. व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड्स रक्तातून वाहून नेणारे कण) म्हणजे बहुतेक वेळा ट्रायग्लिसराइड्स भागिले ५, बस्स, त्यामुळे "माझं व्हीएलडीएल पण वाढलंय" असं वेगळं रडायचं कारण नाही, ती तीच तक्रार दुसऱ्यांदा छापलेली आहे.

एलडीएलचा हिशेब असा: टोटलमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं हे सूत्र अजून कितीतरी लॅब वापरतात. माझा पहिला रिपोर्ट घ्या. टोटल २३८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड्स २१०. २१० चा पाचवा भाग ४२. २३८ मधून ३८ गेले २००, २०० मधून ४२ गेले १५८. रिपोर्टवर पण १५८. जुळलं, म्हणजे लॅबने एलडीएल मोजलेलं नाही, काढलेलं आहे. तुमच्या कागदावर हे जुळलं नाही तर एलडीएल थेट मोजलेलं असेल किंवा दुसरं सूत्र वापरलेलं असेल, बाजूला पद्धत लिहिलेली असते ती बघा. एका रिपोर्टात थेट मोजलेलं आणि दुसऱ्यात काढलेलं असेल तर त्या दोन एलडीएलची तुलना म्हणजे एका दुकानाच्या वजनकाट्याशी दुसऱ्या दुकानाचा काटा ताडून बघणं.

या सूत्राची एक खोड आहे आणि डाएट करणाऱ्याला ती नेमकी नडते. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असले की सूत्र चालतच नाही, आणि २००-३०० असतानाही ते एलडीएल खऱ्यापेक्षा जरा कमीच दाखवतं. आता तुम्ही साखर सोडली, ट्रायग्लिसराइड्स धाडकन उतरले, तर आधी लपलेलं एलडीएल उघडं पडतं आणि कागदावर असं दिसतं की ते हललंच नाही किंवा उलट वाढलं. माझ्या त्या सात पॉइंटांमागे थोडंफार हेही होतं.

म्हणून एक आकडा स्वतः काढायला शिका, नॉन-एचडीएल. टोटल वजा एचडीएल, झालं. यात नस खराब करणारं सगळंच कोलेस्टेरॉल येतं, एलडीएलमधलं पण आणि व्हीएलडीएलमधलं पण, सूत्राचा घोळ नाही, जेवून रक्त दिलं तरी फार फरक नाही. माझं पहिल्या रिपोर्टात २००. दुसऱ्यात टोटल २१४, एचडीएल ३७, म्हणजे १७७. एकदम २३ पॉइंट खाली! आणि मी सात पॉइंटांसाठी तोंड पाडून बसलो होतो.

परदेशातून नातेवाईक रिपोर्ट पाठवतात त्यांचं वेगळंच. आमचा भाचा इंग्लंडला असतो, त्याने लिहिलं "मामा, माझं एलडीएल फक्त ३.९", घरात सगळे खूश. तिकडे आपल्यासारखं मिलिग्रॅममध्ये नाही, मिलिमोलमध्ये मोजतात. कोलेस्टेरॉलच्या कुठल्याही ओळीला ३८.६७ ने गुणायचं, ३.९ म्हणजे जवळपास १५१ झाले, मामाएवढेच. ट्रायग्लिसराइड्सना मात्र ८८.५७ ने गुणायचं, दोन्हींना एकच आकडा लावू नका.

किती फरक म्हणजे खरा फरक

तुम्ही काहीही न बदलता, त्याच लॅबमध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त दिलं तरी आकडे सारखे येणार नाहीत. एलडीएल आपलं आपण ८ टक्क्यांच्या आसपास वर-खाली होतं, ट्रायग्लिसराइड्स तर २० टक्के सहज. १५८ चे १५१ म्हणजे साधारण साडेचार टक्के, तेव्हा ते सात पॉइंट कमी झालेही असतील किंवा नसतीलही, त्यावर आनंद पण नको आणि भांडण पण नको. ट्रायग्लिसराइड्स दुसऱ्या रिपोर्टात २१० चे १२८ झाले, ते मात्र जवळपास ३९ टक्के, सोबत वजनही उतरलेलं, हे नुसत्या हेलकाव्याने होत नाही.

आणखी एक. माणूस टेस्ट करतो, आकडा भयंकर येतो, मग तो जागा होतो. म्हणजे पहिला रिपोर्ट बऱ्याचदा वाईट दिवसाचाच असतो, आणि दुसरा काही न करताही थोडा बरा येतो. मग त्या तीन महिन्यांत जे काही पीत होता, मेथीचं पाणी म्हणा, दुधीचा रस म्हणा, त्याला श्रेय जातं. हे टाळायचं तर डाएट सुरू करायच्या आधीच दोन आठवड्यांच्या अंतराने दोन टेस्ट करून त्यांची सरासरी धरावी. मी केली नाही, पैसे वाचवले, नंतर पस्तावलो.

आता मुख्य: कुठली ओळ कुठल्या खाण्याला जुमानते

साखर, मैदा, ताटभर भात, गोड सरबतं, बिअर, वाईन, देशी-विदेशी जे काय असेल ते, या सगळ्याचा जाब ट्रायग्लिसराइड्सच्या ओळीत द्यावा लागतो. गरजेपेक्षा जास्त साखर-स्टार्च आणि दारू आली की लिव्हर त्याची चरबी करतं आणि व्हीएलडीएलच्या गोळ्यांमध्ये भरून रक्तात सोडतं. ही ओळ लवकर वाढते तशी लवकर उतरते पण. वजन ५ ते १० टक्के कमी झालं तर ट्रायग्लिसराइड्स २० टक्क्यांच्या आसपास कमी होतात. माझं सगळं डाएट या खात्यातलं होतं, आणि जमा पण याच खात्यात झाली.

एलडीएलचं खातं वेगळं. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात, ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांना कोलेस्टेरॉलच्या याच संशोधनासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे रिसेप्टर कमी पडतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. म्हणजे लोणी, तूप, साय, मटणाची चरबी, खोबरेल, पाम तेल, वनस्पती तूप. खोबरेल तेलात जवळपास ९० टक्के सॅच्युरेटेड, तुपात ६० च्या वर, पाम तेलात निम्मं, शेंगदाणा तेलात २० च्या आत, करडईत त्याहून कितीतरी कमी. तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं असतं ते वाचून हसावं फक्त, झाडापासून निघालेल्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉलचं नाव घेण्यासारखं काही नसतं, पाम तेलातही नाही.

आता माझा गुन्हा ऐका. साखर सोडली तेव्हा मी दूध वाढवलं होतं! कोल्हापूरकर माणूस, लहानपणी वडिलांबरोबर गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेला, त्यात बिस्किटं बंद झाली म्हणून भूक लागली की दूध, रोजचं अर्धा लिटर धरा. वर सकाळच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, घरचं आहे, शुद्ध आहे, त्याने काय होतंय. एका रविवारी हिशेब मांडला. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के फॅट, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये ३० ग्रॅमच्या वर, त्यातलं साठेक टक्के सॅच्युरेटेड धरलं तर १८-२० ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने एलडीएल उतरवायचं असेल तर सॅच्युरेटेड फॅट दिवसभरात १३ ते १५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. माझा सगळा कोटा दुधातच संपून वर उधारी होत होती, लोणी आणि बुधवार-रविवारचं मटण अजून धरलंच नव्हतं.

एलडीएल उतरवणारी दुसरी बाजू म्हणजे चिकट, पाण्यात विरघळणारा फायबर. पित्तरस तयार करायला लिव्हरला कोलेस्टेरॉल लागतं, हा फायबर आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्तासाठी लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. दिवसाला ७ ते १० ग्रॅम इसबगोल घेतलं तर एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतं. ओट्समधला बीटा-ग्लुकन ३ ग्रॅम पोटात जायला हवा, त्याला साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, चमचाभर दह्यात घालून उपयोग नाही. ओट्स आवडत नसतील तर जवातही तोच फायबर आहे. उसळी, वांगी, भेंडी हे पण याच बाजूचे.

अंड्याचं विचारणारच तुम्ही. एका बलकात १८०-२०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हर स्वतःच बनवतं आणि बहुतेकांच्या एलडीएलवर बलकापेक्षा सॅच्युरेटेड फॅटचा परिणाम जास्त होतो. मी दिवसाआड एक खातो, पण लोण्यात परतून नाही.

एचडीएलची ओळ डाएटला फार दाद देत नाही. तंबाखू-सिगारेट सुटली, रोज घाम येईपर्यंत चालणं झालं तर दोन-चार पॉइंट वाढतात, बस्स. आपल्याकडे ती मुळातच कमी असते. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथे झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचे २०१४ ला छापलेले आकडे बघा: १०० पैकी ७२ जणांचं एचडीएल कमी, साधारण ३० जणांचे ट्रायग्लिसराइड्स जास्त, आणि एलडीएल जास्त असलेले १२ च्या आसपास. तेव्हा ३८ चं ४५ करायच्या मागे लागू नका, औषधांनी एचडीएल वाढवून हार्ट अटॅक कमी होतात का हे मोठ्या ट्रायल्समध्ये तपासून झालंय, फारसं हाती लागलेलं नाही.

तिसरा रिपोर्ट

साखरेचे नियम तेच ठेवले. म्हशीचं दूध बंद, त्याऐवजी एक कप डबल टोन्ड, लोणी बंद, मटण महिन्यातून दोनदा आणि पांढरा रस्सा वाटीभरच, कारण त्यात नारळाचं दूध. भाकरीच्या पिठात जवाचं पीठ मिसळलं, रोज एक उसळ, रात्री जेवणाआधी मोठ्या ग्लासात दोन चमचे इसबगोल. पाणी कमी घातलं तर घशात लापशी होते, आणि बाकीच्या गोळ्या त्याच्या दोन तास आगे-मागेच घ्या, नाहीतर त्यांचं शोषण बिघडू शकतं. पहिले आठ दिवस पोटात गुडगुड फार, नंतर थांबली.

बारा आठवड्यांनी टोटल १८६, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड्स १२२, एलडीएल १२२. नॉन-एचडीएल १४६.

ट्रायग्लिसराइड्स १२८ चे १२२, म्हणजे तिथे काहीच झालं नाही, व्हायचं कारणही नव्हतं. एलडीएल १५१ चं १२२, साधारण १९ टक्के. एका फेरीत एक ओळ हलली, दुसऱ्या फेरीत दुसरी. दोन्ही बदल एकदम केले असते तर सहा महिन्यांऐवजी तीनच लागले असते हे कबूल, पण कशाने काय झालं हे कधी कळलं नसतं.

खाण्याने जास्तीत जास्त किती उतरतं याचा अंदाज हवा असेल तर टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांचं काम बघा. सोया, बदाम, चिकट फायबर, वनस्पतींमधले स्टेरॉल असं सगळं एकत्र बांधून, जेवण संशोधकांनीच पुरवून, २००३ च्या प्रयोगात एलडीएल २८-२९ टक्के उतरलं. तोच आहार लोकांनी आपापल्या घरी सांभाळला तेव्हा, २०११ च्या अभ्यासात, १३-१४ टक्के. घर म्हटलं की पाहुणे आले, सण आले, तेव्हा १५ टक्के जमले तरी चांगलंच समजा.

विचित्र दिसणारे रिपोर्ट

माझ्या चुलतभावाने किटो केलं, म्हणजे भात-भाकरी जवळजवळ बंद आणि तूप-चीज-अंडी भरपूर. नऊ किलो उतरले, ट्रायग्लिसराइड्स ७०, एचडीएल ६६, सगळं झकास, आणि एलडीएल २१६. ग्रुपवर कुणीतरी त्याला सांगितलं की किटोमध्ये हे चालतं. नाही चालत. काही लोकांचं, विशेषतः सडपातळ लोकांचं, तूप-चीज-अंड्यांच्या डाएटवर एलडीएल असं उडतं, आणि ट्रायग्लिसराइड्स चांगले आहेत म्हणून २१६ माफ होत नाही. त्याने थोडी भाकरी आणि डाळ परत सुरू केली, तुपाऐवजी शेंगदाणा तेल, दहा आठवड्यांत १४० च्या खाली आला.

मावशीचं बरोबर उलटं. तिने तेल-तूप शून्य केलं, कोरडे फुलके, बिनफोडणीचं वरण आणि पोट भरत नाही म्हणून भात दुप्पट, वर फळांचा रस. एलडीएल १२२ ठीकच, पण ट्रायग्लिसराइड्स २४० आणि एचडीएल ३४. फॅट काढून त्या जागी स्टार्च भरला की असाच रिपोर्ट येतो. तिला मूठभर शेंगदाणे आणि फोडणी परत द्यावी लागली, भात वाटीवर आणला.

वजन भराभर उतरत असताना केलेली टेस्ट पण फसवते. चरबी विरघळताना एलडीएल काही काळ वाढलेलं दिसू शकतं, एचडीएल जरा खाली जातं. वजन चार-सहा आठवडे एका जागी थांबलं की मग टेस्ट करा.

सगळं नीट पाळूनही एलडीएल ढिम्म असेल तर टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट करून घ्या, थायरॉइड मंद असलं की एलडीएल वाढतं आणि डाएटला जुमानत नाही. बायकांमध्ये पाळी थांबायच्या सुमारास एलडीएल चढतं, तेव्हा त्यांना "तू काहीतरी चोरून खातेस" म्हणू नका. आणि एलडीएल १९० किंवा त्याच्या वर असेल, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर तो बहुतेक वारशाचा मामला असतो. तिथे इसबगोल घेत तीन महिने घालवायचे नसतात, सरळ डॉक्टर. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर गेले तरी तसंच, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

गोळी आणि डाएट एकाच दिवशी सुरू केलं असेल तर श्रेय कुणाचं हे रिपोर्टवरून सांगता येणार नाही. मध्यम ताकदीची स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, एकटीच एलडीएल ३० टक्क्यांच्या वर उतरवते. "बघू बरं डाएटने किती झालंय" म्हणून मनाने गोळी बंद करणारे लोक मी बघितलेत, हा प्रयोग स्वतःवर करू नका.

आपला आकडा किती हवा

रिपोर्टच्या तळाशी तक्ता असतो ना, १०० च्या आत उत्तम, १३० ते १५९ बॉर्डरलाइन वगैरे, तो २००१ च्या अमेरिकन गाइडलाइनमधला आहे आणि लॅबवाल्याला तुमची शुगर, बीपी, वडिलांची बायपास यातलं काहीच माहीत नसतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या लोकांसाठी जे सांगितलंय ते असं: धोका कमी किंवा मध्यम असेल तर एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत. धोका जास्त, म्हणजे डायबेटिस, ब्लड प्रेशर अशांसाठी ७० आणि १००. आधीच अटॅक, स्ट्रोक असं झालेलं असेल तर ५५ आणि ८५. म्हणजे "नॉर्मल रेंजमध्ये आहे" हे वाक्य एकासाठी खरं आणि दुसऱ्यासाठी साफ खोटं. तुम्ही कुठल्या गटात हे डॉक्टर ठरवतील. त्याच गाइडलाइनमध्ये आयुष्यात एकदा तरी लायपोप्रोटीन-ए ही टेस्ट करायला सांगितलीये, ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. तो आकडा वारशाने ठरतो, खाण्याने जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे एकदाच करायची.

मी डॉक्टरांकडे जाताना एकच पान नेलं. तीन तारखा, प्रत्येकीखाली टोटल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड्स, एलडीएल, नॉन-एचडीएल, वजन, किती तास उपाशी होतो ते, आणि त्या काळात खाण्यात काय बदललं ते दोन ओळीत. डॉक्टरांनी पान दोन मिनिटं बघितलं, बीपी घेतलं, वडिलांबद्दल विचारलं आणि म्हणाले, १२२ अजून जास्त आहे, पण दिशा बरोबर आहे, तीन महिने असंच चालू द्या, नाही उतरलं तर गोळीचं बोलू. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

पुढच्या टेस्टची तारीख धरलीये ती कॅलेंडरवर संकष्टी आणि भाच्याचा साखरपुडा दोन्ही बघून. तोपर्यंत रोज सकाळी आमचा दूधवाला, ज्याचं अर्धा लिटर बंद झालंय, सायकल थांबवून न चुकता विचारतो, "काय सायेब, आला काय रिपोर्ट?"